लक्ष्मणराव किर्लोस्कर : गाव सोडण्याचा जमाखर्च

आपल्या संघाची सभासदसूची ज्यांना तयार करावी लागते, त्या कार्यकर्त्यांस एक गोष्ट प्रतिवर्षी प्रकर्षाने जाणवते. गतवर्षीचे पत्ते यंदा उपयोगी पडत नाहीत. कोणी कोकणातून पुण्यास गेला, कोणी सांगलीहून मुंबईस, कोणी मुंबई सोडून बंगळूरास, तर कोणी समुद्रापलीकडे. घराघरांतून एकच प्रश्न चर्चिला जातो : मुलाला परक्या शहरात चांगली जागा मिळते आहे, त्याने जावे की न जावे? वडील मंडळी देवघर, शेतीवाडी व आप्तेष्ट यांच्याकडे बोट दाखवितात; तरुण मंडळी वेतनाकडे व भवितव्याकडे पाहतात. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच हा प्रश्न अवघड होऊन बसतो.

अशा प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देण्यापेक्षा, ज्याने आयुष्यात वारंवार बिऱ्हाड मोडले व वारंवार नव्याने मांडले अशा एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवणे अधिक फलदायी होय. या दृष्टीने उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या जीवनाकडे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो नांगर घडविण्यापूर्वी व घडविल्यानंतर त्यांना किती वेळा मुक्काम हलवावा लागला, त्यातून त्यांनी काय मिळविले व काय गमावले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो येथे मांडावयाचा आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. किर्लोस्कर हे आडनावच मुळी एका जुन्या स्थलांतराची साक्ष देते. कोकणातील किर्लोस गावावरून हे नाव पडले आणि घराणे मात्र घाट चढून कानडी मुलखात स्थिरावले. याच गुर्लहोसुराने मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले. अण्णासाहेबांनीही गाव सोडले, आणि १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतलाचा प्रयोग करून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. तेव्हा गावाबाहेर पडून नाव मिळविण्याचा धडा लक्ष्मणरावांना दूर शोधावा लागला नसेल.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने शिकून पांढरपेशा वृत्ती स्वीकारावी, अशीच त्या काळच्या अशा घरांची रीत होती. पण लक्ष्मणचे मन शाळेतील पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रे काढणे व यंत्रांची खटपट करणे. गुर्लहोसुरासारख्या गावात या दोहोंपैकी एकीचीही विद्या मिळण्याजोगी नव्हती. वडीलबंधू रामूअण्णा यांनी आपल्या मिळकतीतून खर्चाची तजवीज केली, आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

हे त्यांचे पहिले स्थलांतर होय. याचे श्रेय जितके लक्ष्मणरावांना तितकेच रामूअण्णांना दिले पाहिजे. घरातील एकजण पुढे जातो तेव्हा दुसरा कोणीतरी मागे राहून घर सांभाळीत असतो व पैसे पाठवीत असतो, ही गोष्ट आपल्या कुटुंबांतून फार लवकर विसरली जाते. जाणाऱ्याचे नाव होते. राहणाऱ्याचे कष्ट हिशेबात धरले जात नाहीत.

मुंबईत दोन वर्षे चित्रकलेचा अभ्यास केल्यावर एक विलक्षण संकट ओढवले. लक्ष्मणरावांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद उमगत नाहीत, असे ध्यानात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठा आघात कोणता? ज्या हेतूने घर सोडले तो हेतूच संपला. अशा वेळी पुष्कळ तरुण हताश होऊन परत फिरतात, आणि शहराने आपल्याला फसविले असे जन्मभर सांगत राहतात. लक्ष्मणराव परतले नाहीत. त्यांनी रंग बाजूस ठेवले व त्याच शाळेत यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला. त्या चित्रांत रंगांचे काम नसते. रेषा, मोजमाप व अचूकपणा यांचेच काम असते. या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून जागा मिळाली.

मोठ्या शहराचा खरा लाभ येथे दिसतो. ज्या कामासाठी आपण जातो ते काम साधले नाही, तर दुसरे दार शहरात उघडे असू शकते. खेड्यात एक दार बंद झाले की बहुधा वाट संपते. इन्स्टिट्यूटमध्ये शिकविता शिकविता लक्ष्मणराव तेथील कर्मशाळेत यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात व कशी दुरुस्त होतात हे स्वतःच्या हातांनी शिकले. मुंबईतच त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी हे वाहन एक अपूर्वाई होती. दोघा बंधूंनी मिळून १८८८ साली बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवीत, रामूअण्णा बेळगावात विक्री पाहत, आणि घेणाऱ्यास सायकल चालविण्यास शिकवण्याचीही व्यवस्था होती. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा हा आरंभ.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्मणराव मुंबईकर झाले, पण त्यांनी बेळगावचा धागा तोडला नाही. शहरात जे पाहिले ते गावाकडे पाठविले. शहर व गाव यांच्यात एक येजा सुरू ठेवली. पुढे मुंबई सोडण्याची वेळ आली तेव्हा हाच धागा त्यांच्या उपयोगी पडला.

ती वेळ १८९७ साली आली. इन्स्टिट्यूटमध्ये वरची जागा मोकळी झाली असता लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकीय राजवटीत असे प्रकार नित्याचेच होते, व बहुसंख्य लोक ते निमूटपणे सोशीत. महिन्याचा पगार, मुंबईतील स्थान, शिक्षकाची प्रतिष्ठा, हे सारे सोडणे सोपे नव्हते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परत आले.

हे दुसरे स्थलांतर उलट्या दिशेचे होते. मोठ्या शहराकडून लहान शहराकडे परतणारा मनुष्य हरला, अशी आपल्या समाजात एक समजूत आहे. ती किती पोकळ आहे हे या प्रसंगावरून दिसून येते. तथापि या परतण्यात तोटे नव्हते असे म्हणणेही खरे होणार नाही. मुंबईत ज्या यंत्रशाळा, जो कच्चा माल, जे जाणकार कारागीर हाताशी होते, ते बेळगावात नव्हते. नियमित वेतन थांबले. घरसंसाराचा भार होताच. याच्या मोबदल्यात त्यांना मिळाली ती स्वतःच्या मताने काम करण्याची मोकळीक, बंधूंचा सहवास, आणि एक अशी गोष्ट जी मुंबईत मिळालीच नसती : शेतकऱ्याच्या गरजेचे प्रत्यक्ष दर्शन.

बेळगावच्या परिसरात शेतकरी कडबा हाताने तोडीत, आणि लाकडी नांगराने जमीन उकरीत. लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले व नंतर लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांत दृढ समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आज नव्या गावी जाऊन सहा महिन्यांत जम बसला नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी ही दोन वर्षे ध्यानी धरावीत. एकदा नांगराचा गुण पटल्यावर मात्र मागणी वाढू लागली, व बेळगावातील लहानसा कारखाना रूपास येऊ लागला.

परंतु स्थैर्य लाभते आहे असे वाटावे तोच तिसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेला नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना तेथून हलविणे भाग पडले. पहिले स्थलांतर लक्ष्मणरावांनी ओढीने केले, दुसरे स्वाभिमानापोटी केले. हे तिसरे मात्र त्यांच्यावर लादले गेले. मनुष्य आपण होऊन निघतो तेव्हा त्याच्या पायांत बळ असते. त्याला काढले जाते तेव्हा तेच पाय जड होतात. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते. या वयात बस्तान मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्यावर तो प्रसंग आला आहे तेच जाणतात.

अशा अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात पुढे केला. बाळासाहेब हे स्वतः चित्रकार, कलांचे आश्रयदाते व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. १९०९ साली ते गादीवर आले होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल गावच्या हद्दीत, पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकाजवळ, ३२ एकर जमीन दिली व १०,००० रुपयांच्या कर्जाची सोय करून दिली.

ही जमीन कशी होती? ती ओसाड माळ होती. चहूकडे निवडुंग माजलेला व त्यात नागांचा सुळसुळाट. तेथे घर नाही, बाजार नाही, शाळा नाही, वैद्य नाही. बेळगावसारखे सुंदर हवेचे, नांदते शहर सोडून येथे येणे म्हणजे सुखवस्तू मनुष्याच्या दृष्टीने वेडेपणाच होता. मग लक्ष्मणरावांनी ही जागा का स्वीकारली? त्यांच्या निवडीत तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, लोहमार्ग शेजारी होता. लोखंड व कोळसा आणावयाचा आणि नांगर देशभर पाठवावयाचे, तर आगगाडीवाचून गत्यंतर नव्हते. दुसरी, जागा मोकळी होती. पुन्हा कोणी उठवील ही भीती नव्हती व वाढीला वाव होता. तिसरी, तेथील अधिपतीचा त्यांच्यावर विश्वास होता. जे नव्हते ते सारे श्रमाने निर्माण करता येण्याजोगे होते. जे होते ते मात्र श्रमाने निर्माण करता आले नसते. लोहमार्ग त्यांना बांधता आला नसता. शाळा बांधता येत होती. स्थलांतराचा विचार करणाऱ्याने हा भेद विशेष मनन करण्यासारखा आहे. नव्या ठिकाणी काय उणे आहे एवढेच पाहू नये. जे उणे आहे ते आपल्याला भरून काढता येईल काय, हे पाहावे.

१९१० सालच्या मार्च महिन्यात सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणराव त्या माळावर आले. या पंचवीस जणांचा विचार आपण क्वचितच करतो. लक्ष्मणरावांपुढे एक ध्येय होते. पाश्चात्त्य देशांतील उद्योगपतींनी कारखान्याभोवती कामगारांसाठी उभारलेल्या वसाहतींची माहिती त्यांनी वाचली होती, व तसेच काही आपल्या देशात व्हावे ही त्यांची आकांक्षा होती. पण कामगारांपुढे काय होते? त्यांना बेळगावात दुसरे काम कदाचित मिळाले असते. ते आले ते मालकाच्या शब्दावर विसंबून. एवढा विश्वास एका दिवसात संपादन होत नाही.

आणि त्या स्त्रियांचे काय? लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई व इतर कुटुंबांतील गृहिणी यांनी निवडुंगाच्या माळावर चुली मांडल्या. पुरुषाला नव्या जागी निदान त्याचे नेहमीचे काम सोबत असते. स्त्रीला मात्र पाणी कोठे, भाजी कोठे, मूल आजारी पडले तर औषध कोठे, येथपासून सारे नव्याने जुळवावे लागते. माहेर दूर, शेजार अनोळखी. आपल्या संघातील भगिनींना हे सांगावयास नको. बदलीच्या नोकरीतील पतीबरोबर ज्यांनी संसार हलविले आहेत, त्यांच्या अनुभवाचीच ही गोष्ट आहे. किर्लोस्करवाडीचे यश मोजताना त्यात या भगिनींचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

निवडुंग तोडला गेला, घरे उभी राहिली, भट्टी पेटली. पुढे कुंडल रोड स्थानकास किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. या वसाहतीच्या घडणीत जी माणसे झटली त्यांची निवड फार बोधप्रद आहे. वडीलबंधू रामूअण्णा यांचा आधार येथेही होताच. शंभूराव जांभेकर हे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडलेले गृहस्थ वाडीचे यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी कारभार पाहिला. अनंतराव फळणीकर यांच्यासारखा विद्यार्थी कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आला. एवढेच नव्हे, तर दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांच्यावर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या पहाऱ्याचे काम सोपविले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

एका ज्ञातीच्या स्मरणिकेत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. लक्ष्मणरावांनी वसविलेली वाडी ही कोणा एका ज्ञातीची आळी नव्हती. त्यांनी आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही, व तिच्या निर्मूलनासाठी सतत प्रयत्न केला. नव्या गावी गेल्यावर आपली माणसे शोधून एकत्र राहण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. आपला संघही त्याच गरजेतून जन्मास आला, व अनोळखी शहरात विद्यार्थ्यास आसरा, आजाऱ्यास सोबत, उपवरांस स्थळ मिळवून देण्याचे काम अशा संस्थांनी केले आहे. पण आपली माणसे या शब्दाची व्याप्ती किती असावी, याचे उत्तर लक्ष्मणरावांनी आपल्या आचरणाने दिले आहे. जो आपल्या बरोबर उघड्या माळावर आला तो आपला. या कसोटीवर आपण किती उतरतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे.

वाडीचा पुढील काळही सुखाचा गेला असे नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले व लोखंडाची आयात आटली. कारखाना बंद पडण्याची पाळी आली, तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर घडविण्यात आले. संहाराचे साधन अन्नाच्या कामी आले, हा योग खरोखर अपूर्व होय. मुंबईत असते तर कच्च्या मालासाठी एवढी यातायात पडली नसती असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. आडगावी कारखाना काढण्याची किंमत अशी वारंवार मोजावी लागते. उलट, संस्थानी मुलखात असल्यामुळे औंध व कोल्हापूर या दोन्ही दरबारांचे साहाय्य लाभले, हेही विसरता येत नाही.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी वाडीहून किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. पुढे ते किर्लोस्कर या नावाने, व त्यानंतर स्त्री आणि मनोहर ही मासिकेही त्याच माळावरून निघून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. मुंबई-पुण्याबाहेरून, एका लहानशा रेल्वे स्थानकाजवळून, मराठी मध्यमवर्गाचे विचार घडविणारी मासिके निघावीत, ही त्या काळची फार मोठी घटना होती. नांगर, पंप, चरक, भुईमूग फोडण्याचे यंत्र व लोखंडी सामान यांच्याबरोबर विचारांचेही उत्पादन तेथे होऊ लागले. ज्या गावात एके काळी शाळाही नव्हती, ते गाव दूरच्या गावांना वाचनसाहित्य पुरवू लागले.

लक्ष्मणरावांची थोरवी आणखी एका गोष्टीत आहे. ज्यांनी स्वतः एवढ्या कष्टाने एक गाव वसविले, त्यांनी पुढच्या पिढीला त्या गावाशी बांधून ठेवले नाही. चिरंजीव शंतनुराव हे वाडी वसली तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना अमेरिकेस पाठविण्यात आले व १९२६ साली ते तेथील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पुढे उद्योगाच्या शाखा विस्तारल्या. १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूरास विजेच्या यंत्रसामग्रीचा उद्योग सुरू झाला. वाडीचे मनुष्यबळ या नव्या ठिकाणी जाऊ लागले. बापाने वसविलेल्या गावातच मुलांनी राहावे असा हट्ट लक्ष्मणरावांनी धरला असता, तर हा विस्तार झाला नसता. सोळाव्या वर्षी ज्याला थोरल्या भावाने हसतमुखाने घराबाहेर पाठविले, त्याने तेच ऋण पुढच्या पिढीला फेडले, असेच म्हणावे लागेल.

या जमाखर्चात सर्वांत कठीण नोंद १९४८ सालची आहे. ३० जानेवारी रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलींची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. जमावाने कारखान्यास आग लावली. अडतीस वर्षे ज्या परिसरात घाम गाळला, त्याच परिसरात हे घडले. आपल्या ज्ञातीतील व शेजारच्या ज्ञातींतील अनेक कुटुंबांनी त्या वर्षी खेडी सोडली ती पुन्हा परत न जाण्यासाठी. आजचे पुण्या-मुंबईचे आपले कित्येक सभासद हे त्याच वर्षाने शहरात आणलेल्या घरांतील आहेत. त्या जखमेविषयी कोणासही दोष देण्याचे हे स्थळ नव्हे. प्रत्येक घराची परिस्थिती निराळी होती, व ज्यांनी गाव सोडले त्यांना भीरू म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. झाल्या हानीकडे पाहून कारखाना तेथून उचलावा असे कोणास वाटले असते तर ते अनैसर्गिक नव्हते. परंतु वाडी उठली नाही. जळाले ते पुन्हा उभे करण्यात आले व भट्ट्या पुन्हा पेटल्या. तीन वेळा ज्यांनी मुक्काम हलविला, त्यांनी चौथ्या प्रसंगी न हलण्याचा निर्णय घेतला. जाण्याला जसे धैर्य लागते तसे राहण्यालाही लागते, हे या प्रसंगातून शिकावयाचे. त्याच वर्षी औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. ज्या राजाश्रयाने वाडी जन्मास आली तो आश्रय इतिहासजमा झाला, तरी वाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचना होऊन त्यांचे जन्मगाव व बेळगाव ही तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. ज्या मुलखातून ते आले आणि ज्या मुलखात त्यांनी वाडी वसविली, त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आजही नांदते आहे, आणि तेथे पंपांचे उत्पादन चालू आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. जावे की न जावे? लक्ष्मणरावांच्या चरित्रातून याचे एकच एक उत्तर निघत नाही, आणि ते निघावे अशी अपेक्षाही करू नये. त्यांनी खेडे सोडले तेही योग्य होते, मुंबई सोडली तेही योग्य होते, बेळगाव सोडून माळावर गेले तेही योग्य ठरले, आणि आगीनंतर न हलता तेथेच राहिले तेही योग्य ठरले. मात्र प्रत्येक वेळी त्यांनी काय पाहून पाऊल उचलले, हे आपणांस ओळखता येते.

विद्येसाठी जावयाचे असेल तर तरुणपणी जावे, व घरच्यांनी रामूअण्णांप्रमाणे पाठीशी उभे राहावे. नेमलेले काम साधले नाही तर दुसरे शिकण्याची तयारी ठेवावी. जेथे गुणांची कदर नाही तेथे केवळ शहराच्या नावाला भुलून राहू नये. लहान गावी परतण्यात कमीपणा मानू नये, परंतु परतताना हाती काहीतरी विद्या घेऊन परतावे. नव्या जागेची निवड करताना सुखसोयींपेक्षा कामाला आवश्यक अशा मूळ गोष्टी आहेत काय, ते पाहावे. आपल्या निर्णयाचा भार घरातील स्त्रियांवर, मुलांवर व वृद्धांवर किती पडतो, याचा हिशेब निघण्यापूर्वी करावा, निघाल्यानंतर नव्हे. ज्या गावात जाऊ तेथल्या लोकांना आपल्या येण्याने काही लाभ होईल असे वागावे. आणि मुलांनी आपल्यापुढे जाण्याची वेळ आली तर त्यांची वाट अडवू नये.

खर्चाच्या बाजूस मात्र काही रकमा अशा आहेत की त्या कोणत्याही लाभाने फिटत नाहीत. गावचे घर बंद पडते. कुलदैवताच्या उत्सवाला माणसे कमी होतात. नातवंडांना आजोबांची बोली परकी वाटू लागते. मागे राहिलेल्या वृद्धांच्या दारावरची थाप विरळ होते. लक्ष्मणरावांच्या काळी ही किंमत होती, आजही आहे. ती द्यावीच लागत असेल तर जाणून देणे व जेवढी परत करता येईल तेवढी परत करणे, एवढेच आपल्या हाती आहे. वर्षातून एकदा गावी जाऊन येणे, गावच्या शाळेस हातभार लावणे, मागे राहिलेल्या आप्तांची नियमाने विचारपूस करणे, ही त्या परतफेडीची साधी रूपे होत.

संघाच्या पुढील सूचीत पुन्हा काही पत्ते बदललेले असतील. बदललेल्या प्रत्येक पत्त्यामागे एका घराने केलेला असाच जमाखर्च असेल. जे गेले आहेत त्यांना नव्या भूमीत लक्ष्मणरावांची चिकाटी लाभो, आणि जे मागे राहिले आहेत त्यांना रामूअण्णांचे औदार्य लाभो, एवढीच या स्मरणाच्या निमित्ताने श्रीचरणी प्रार्थना.